टे-सॅक्सची रक्तचाचणी आणि भविष्य जाणण्याचा प्रश्न

टे-सॅक्स या आनुवंशिक रोगाचे वाहक रक्तातील एका एन्झाइमच्या मोजमापावरून ओळखता येतात. १९७० च्या सुमारास ही चाचणी हाती आली आणि तिने ज्यू धर्मशास्त्रापुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. आपल्या पोटी येणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय येऊ शकते हे आधी कळणे शक्य असेल, तर ते जाणून घेणे माणसाचे कर्तव्य ठरते, की ती देवाच्या कारभारात केलेली ढवळाढवळ ठरते? वाहकांची ओळख एन्झाइमवरून पटवता येईल असे चयापचयाचे इतरही काही रोग आहेत. परंतु या प्रश्नाचा कस लागला तो टे-सॅक्सच्या बाबतीत, कारण येथे वैद्यक, धर्माज्ञा आणि लग्न जुळवण्याची रीत या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन भिडल्या.

वॉरन टे या इंग्लिश नेत्रवैद्याने १८८१ मध्ये एका तान्ह्या मुलाच्या दृष्टिपटलावर चेरीसारखा लाल ठिपका पाहिला आणि त्याची नोंद केली. बर्नार्ड सॅक्स या न्यूयॉर्कमधील मज्जाविकारतज्ज्ञाने १८८७ मध्ये याच रोगाचे मेंदूवरील परिणाम वर्णन केले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घराण्यांत हा रोग अधिक दिसतो, हेही पुढे त्याच्या ध्यानात आले. मूल जन्मतः निरोगी दिसते. पहिले काही महिने ते इतर मुलांसारखेच हसते, मान धरते, वस्तूकडे हात नेते. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बारीकशा आवाजानेही ते दचकू लागते, मग शिकलेल्या हालचाली एकेक करून विसरते. पुढे दृष्टी जाते, झटके येतात, गिळता येत नाही, आणि बहुतेक मुले चार-पाच वर्षांच्या आत दगावतात. रोग थांबवणारा उपचार आजही नाही. धर्मशास्त्रातील पुढची सारी चर्चा समजून घ्यायची, तर आई-बाप या काळात काय पाहतात हे लक्षात ठेवावे लागते. आधी निरोगी मूल हातात येते आणि मग ते डोळ्यांदेखत हळूहळू निसटत जाते.

या रोगात मज्जापेशींमध्ये जीएम-२ गँग्लिओसाइड नावाचा मेदयुक्त पदार्थ साठत जातो. तो का साठतो याचा उलगडा १९६९ मध्ये शिंतारो ओकादा आणि जॉन ओब्रायन यांनी केला. या पदार्थाचे विघटन करणारे हेक्सोसॅमिनिडेझ-ए हे एन्झाइम रोगी मुलांच्या शरीरात नसतेच. ते घडवण्याची सूचना देणारे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडते. एकच प्रत बिघडलेली असेल, तर ती व्यक्ती वाहक असते. वाहकाच्या शरीरात एन्झाइमचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते, पण पेशींचे काम तेवढ्यात भागते, त्यामुळे त्याला आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. अश्केनाझी ज्यूंमध्ये, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपात ज्यांचे पूर्वज राहिले त्या ज्यूंमध्ये, तीस माणसांमागे साधारण एक वाहक सापडतो. इतर बहुतेक समाजांत हे प्रमाण अडीचशे-तीनशे माणसांमागे एक असे आहे.

‘ज्यूंचा रोग’ ही या आजाराची ओळख मात्र अपुरी आहे. क्वेबेकमधील फ्रेंच-कॅनेडियन आणि लुइझियानातील केजन समाजांतही तो अधिक प्रमाणात आढळतो. गुजरातमधील रुग्णांत याच जनुकातला एक ठरावीक बदल वारंवार सापडला आहे. उलट कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल हे ज्यू असले, तरी अश्केनाझींमध्ये पसरलेल्या बदलांचा इतिहास त्यांचा नाही. रोगाचे माप धर्मावरून ठरत नाही. कोणत्या लहान समूहात कितीएक पिढ्या आपसांत लग्ने होत राहिली, यावरून ते ठरते.

चाचणी तत्त्वतः सोपी आहे. रक्त गोठल्यावर सुटणारा रस घेतात आणि एन्झाइमने तोडले की चमकू लागेल असा एक कृत्रिम पदार्थ त्यात मिसळतात. चमक जितकी अधिक, तितके एन्झाइम अधिक. रक्तात हेक्सोसॅमिनिडेझचे दोन मुख्य प्रकार असतात. त्यांपैकी ‘ए’ उष्णतेने निकामी होतो आणि ‘बी’ टिकून राहतो. म्हणून एकदा तसेच आणि एकदा नमुना तापवून, अशी दोन मोजमापे घेतात. त्यांतल्या फरकावरून ‘ए’चा वाटा कळतो. हा वाटा ठळकपणे कमी असेल, तर ती व्यक्ती वाहक. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत रक्तरसातील प्रमाण बदलते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही तपासणी पांढऱ्या पेशींवर करावी लागते.

या मोजमापाच्या मर्यादा धर्मचर्चेतही महत्त्वाच्या आहेत. एन्झाइमचे प्रमाण ही एक सलग पट्टी आहे. वाहक आणि अवाहक यांच्या मध्ये अनिश्चित निकालांचा एक टप्पा उरतोच. काही माणसांत तर जनुकातला बदल असा असतो की त्यांचे एन्झाइम प्रयोगशाळेतील कृत्रिम पदार्थ नीट तोडत नाही, पण मेंदूतला खरा पदार्थ व्यवस्थित तोडते. चाचणीच्या लेखी ती वाहक असतात, मात्र त्यांच्या मुलांना धोका नसतो. ज्यूंमध्ये असे फसवे निकाल थोडे निघाले. ज्यूंखेरीज इतर समाजांत चाचणीने ‘वाहक’ ठरवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे या गटात मोडली. लिंगगुणसूत्राशी जोडलेल्या रोगांत अडचण याहून मोठी असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कामाला असते. कोणत्या पेशीत कोणते राहील हे योगायोगावर असते, त्यामुळे वाहक स्त्रीचे एन्झाइम अगदी सामान्य पातळीवरही भरू शकते. ‘वाहक’ हा शब्द निदानासारखा ठाम वाटतो, पण त्याच्या मागे एक आकडा असतो आणि त्या आकड्याचा अर्थ लावणारी माणसे असतात. अशा आकड्यावर कोणाचे लग्न ठरणार वा मोडणार असेल, तर तो वापरण्याची रीत आकड्याइतकीच विचारपूर्वक ठरवावी लागते.

भविष्यातील संततीचे ज्ञान आणि संतती होऊ देण्याचे कर्तव्य यांचा संघर्ष तालमूद या ज्यू धर्मग्रंथात हिज्कीया राजाच्या कथेत आला आहे. हिज्कीया लग्न करत नाही. आपल्या पोटी दुष्ट मुले जन्मतील असे त्याला दैवी दृष्टीने दिसलेले असते. यशया संदेष्टा त्याला बजावतो की देवाच्या गुपितांशी त्याला काही कर्तव्य नाही. राजाने आज्ञा झालेले काम, म्हणजे लग्न करून मुले होऊ देणे, करावे; पुढचे देव पाहून घेईल. राजा ते ऐकतो आणि यशयाच्याच मुलीशी लग्न करतो. पुढे त्याचा मुलगा मनश्शे खरोखरच दुराचारी निघतो. ही कथा कठोर आहे. राजाला दिसलेले खोटे नव्हते, तरीही त्याआधारे कर्तव्य टाळण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे ती सांगते. वरवर पाहता वाहकांच्या चाचणीला यातून थेट मनाईच निघते.

पण त्याच तालमूदमध्ये आनुवंशिकतेची सावध जाणीवही आहे. अपस्मार किंवा महारोग असलेल्या घराण्यात सोयरीक करू नये, असा सल्ला तेथे आहे. सुंता करताना एकामागोमाग दोन भाऊ रक्तस्रावाने दगावले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असाही निर्णय आहे. सुंता ही ज्यू धर्मातील मूलभूत आज्ञांपैकी एक. तीही अनुभवातून कळलेल्या धोक्यापुढे मागे घेतली गेली. म्हणजे परंपरेत दोन धारा आहेत. देवाच्या गुपितात डोकावू नये हे एकीचे सांगणे, आणि डोळ्यांसमोर आलेला धोका पाहून वागावे हे दुसरीचे. एन्झाइमची चाचणी यांपैकी कशात बसते? राजाच्या दिव्य दृष्टीत, की दोन भावांच्या मृत्यूने दिलेल्या इशाऱ्यात?

विसाव्या शतकातील अमेरिकेतले सर्वांत मान्यताप्राप्त धर्मनिर्णयकार राब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे फाइनस्टाइन यांच्याकडे सत्तरच्या दशकात हा प्रश्न आला. त्यांचे उत्तर दोन्ही धारांना धरून आहे. देवावर निष्कपट भरवसा ठेवावा, भविष्याच्या मागे लागू नये, ही बायबलमधली आज्ञा त्यांनी विचारात घेतली. एखाद्या जोडप्याला असे मूल होण्याचा धोका मुळात लहान आहे, तेव्हा त्या भरवशावर राहणेही चालले असते. परंतु आता चाचणी सहज आणि सोपी झाली आहे. अशा वेळी ती न करणे म्हणजे दिसू शकणाऱ्या गोष्टीपुढे डोळे मिटणे होय, असे त्यांनी म्हटले. म्हणून लग्नाचा विचार करणाऱ्या तरुणांनी ती करून घेणे योग्य. त्यासोबत त्यांनी अटीही घातल्या. चाचणी गुप्तपणे व्हावी, आणि अगदी कोवळ्या वयात होऊ नये, कारण त्या वयात निकालाचे ओझे मनाला झेपत नाही.

या निर्णयात विशेष लक्षणीय आहे तो ‘सोपेपणा’चा निकष. जाणून घेण्याचे कर्तव्य येथे ज्ञान किती मोलाचे आहे यावर अवलंबून नाही, ते मिळवणे किती सोपे आहे यावर अवलंबून आहे. हिज्कीयाला जे दिसले ते सामान्य माणसाच्या कक्षेबाहेरचे होते. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पाठवणे मात्र कोणालाही जमते. जे सर्वांच्या हाताशी आले ते गुपित उरत नाही, अशी ही मांडणी आहे. ती समर्थ आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. तंत्रज्ञान जसजसे स्वस्त होत जाईल तसतसे कर्तव्याचे क्षेत्र आपोआप वाढत जाईल, आणि कोठे थांबायचे हे हा निकष सांगत नाही.

चाचणीचा पहिला मोठा सार्वजनिक वापर धर्मनिर्णयाची वाट पाहत बसला नाही. जॉन्स हॉपकिन्स येथील मायकेल कॅबॅक यांनी मे १९७१ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात ज्यू समाजाच्या सहभागाने तपासणी सुरू केली. तत्पूर्वी कित्येक महिने राब्बी, डॉक्टर आणि स्वयंसेवक घरोघरी, सभांतून समजावत होते. पहिल्याच दिवशी एका सिनेगॉगमध्ये अठराशेच्या आसपास लोक रक्त देण्यासाठी आले. पुढील तीन दशकांत जगभर दहा लाखांहून अधिक लोकांची तपासणी झाली. अमेरिका आणि कॅनडातील ज्यूंमध्ये या रोगाने जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. आनुवंशिक रोगांच्या इतिहासात एवढे यश क्वचितच कोणत्या उपक्रमाला मिळाले आहे, आणि त्याचे श्रेय प्रयोगशाळेइतकेच आधी केलेल्या लोकशिक्षणालाही आहे.

या कार्यक्रमाची वाट मात्र एका ठरावीक दिशेने जात होती. तपासणीला येणारी बहुतेक जोडपी विवाहित होती. दोघेही वाहक निघाले, तर गर्भारपणात गर्भजल तपासून गर्भाला रोग आहे का हे कळे, आणि असल्यास गर्भपाताचा पर्याय समोर ठेवला जाई. येथे हलाखा, म्हणजे ज्यू धर्मकायदा, दोन मतांत दुभंगला. जेरुसलेममधील शारे झेडेक रुग्णालयाकडून आलेल्या प्रश्नावर राब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी १९७५ मध्ये सांगितले की टे-सॅक्सचा गर्भ सातव्या महिन्यापर्यंत काढण्यास परवानगी देता येते. गर्भाला पूर्ण मनुष्याचा दर्जा नसतो, आणि मूल कणाकणाने मरताना पाहणाऱ्या आईचे दुःख ही शरीराच्या व्याधीइतकीच खरी व्याधी आहे, असा त्यांचा आधार. त्या काळी गर्भजलाचा निकाल यायला गर्भारपणाचा निम्मा काळ उलटत असे. त्यामुळे ‘सातव्या महिन्यापर्यंत’ ही मर्यादा निव्वळ तात्त्विक नव्हती. फाइनस्टाइन यांनी १९७६ मध्ये अत्यंत कडक शब्दांत याला विरोध केला. गर्भपात ही हत्याच आहे, आईचा जीव धोक्यात असेल तरच ती क्षम्य, आणि टे-सॅक्सच्या मुलामुळे आईचा जीव जात नाही, असे त्यांचे म्हणणे.

दोघांनाही तेच मूल दिसत होते. मतभेद मुलाच्या यातनांबद्दल नव्हता. आईचे मानसिक दुःख कोणत्या कोटीत बसवायचे, हा खरा वाद होता. दोन्ही बाजूंना मोठा शास्त्राधार आहे, आणि या दोन मतांमध्ये आजवर समेट झालेला नाही. ज्या कर्मठ समाजांनी फाइनस्टाइन यांचे मत मानले, त्यांच्यापुढे एकच रस्ता मोकळा राहिला. चाचणीचा उपयोग करायचा असेल, तर तो लग्न ठरण्याच्या आधीच करायला हवा.

जोसेफ एक्स्टाइन या राब्बींची चार मुले टे-सॅक्सने दगावली होती. त्यांनी १९८३ मध्ये ब्रुकलिन येथे दोर येशोरिम ही संस्था उभी केली. कर्मठ ज्यूंमध्ये लग्ने मध्यस्थांमार्फत जुळतात. मुला-मुलीची गाठ घालण्यापूर्वी दोन्ही घरांची कसून चौकशी होते. अशा समाजात ‘वाहक’ ठरलेल्या मुलीचे, आणि तिच्यासोबत तिच्या सगळ्या भावंडांचे लग्न अडून बसते. म्हणूनच आजाराने मुले गेलेली घरेसुद्धा ते लपवत. एक्स्टाइन यांनी ही भीती गृहीत धरून पद्धत आखली. शाळेतील मुला-मुलींचे रक्त घेतले जाते, त्यावर नाव नसते, फक्त एक क्रमांक असतो. निकाल कोणालाही कळवला जात नाही, ज्याचे रक्त त्यालाही नाही. पुढे कधी स्थळ आले की दोन्हीकडचे क्रमांक संस्थेला कळवायचे. दोघेही एकाच रोगाचे वाहक नसतील, तर ‘जुळते’ एवढेच उत्तर मिळते. दोघेही वाहक असतील, तरच त्या दोघांना रोगाचे नाव सांगितले जाते आणि सल्ला दिला जातो.

या मांडणीचा विचार गणितातून स्पष्ट होतो. तीसमागे एक वाहक धरला, तर नऊशे स्थळांपैकी एकाच ठिकाणी दोघेही वाहक निघतील. अठ्ठावन्न ठिकाणी दोघांपैकी एकजण वाहक असेल. ही अठ्ठावन्न जोडपी लग्न करतील, संसार करतील, आणि त्यांपैकी कोणालाही कधी कळणार नाही की आपण वाहक आहोत. कळण्याची गरजही नसते, कारण त्यांच्या मुलांना धोका नाही. फाइनस्टाइन यांनी घातलेली गुप्ततेची अट येथे टोकाला नेलेली दिसते. कोवळ्या वयाबद्दलचा त्यांचा सल्ला मात्र प्रत्यक्षात बाजूला पडला. रक्त शाळेतच घेतले जाते, पण निकालच हातात पडत नसल्याने मुलांवर ओझे येत नाही, असे त्याचे समर्थन आहे. हिज्कीयाच्या कथेशीही हे आश्चर्यकारकपणे जुळते. व्यक्तीच्या रक्तातले गुपित गुपितच राहते. ज्ञान उघडते ते एका विशिष्ट जोडीपुरते, आणि त्यांना दुसरे लग्न करून मुले होऊ देण्याचे कर्तव्य पूर्ण मोकळे राहते. राजाने लग्नच टाळले होते. येथे केवळ एक स्थळ टळते.

या व्यवस्थेवर सर्वांत गंभीर आक्षेप स्वायत्ततेचा आहे. प्रौढ माणसाच्या शरीराबद्दलची माहिती संस्थेकडे असते आणि त्याला मागूनही मिळत नाही. आधुनिक वैद्यकनीतीत ही गोष्ट सहसा मान्य होत नाही. याच्या उत्तरादाखल हान्स योनास या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाचा विचार मांडता येतो. स्वतःच्या जैविक घडणीबद्दल अज्ञानी राहण्याचा अधिकार माणसाला असावा, कारण आपण कोण होणार हे आधीच लिहून ठेवलेले कळले, तर मोकळेपणाने जगणे अवघड होते, असे योनास यांनी सत्तरच्या दशकात मांडले. पण योनास यांचा अधिकार ज्याचा त्याने वापरायचा आहे. दोर येशोरिममध्ये अज्ञान व्यक्तीने निवडलेले नसते, समाजाने तिच्या वतीने निवडलेले असते. जिथे एका चिठ्ठीने घरातल्या सर्व भावंडांची लग्ने मोडू शकतात, तिथे ही निवड समर्थनीय वाटते. समाजाची भीती कमी झाली, की तिचे समर्थनही तितकेच कमी होते. ज्या घरांत तरुण स्वतःच जोडीदार निवडतात, वर्षानुवर्षे एकत्र असतात आणि मग लग्नाचा विचार करतात, तिथे ऐनवेळी येणारे ‘जुळत नाही’ हे उत्तर क्रूर ठरते. अशा तरुणांना स्वतःचा निकाल आधीच माहीत असणे हितकारक आहे.

दुसरा आक्षेप सुप्रजननाचा. ज्या समाजाने १९३३ च्या नाझी कायद्यानंतर ‘आनुवंशिक आरोग्य’ या शब्दांच्या नावाखाली काय झाले ते पाहिले, त्याने स्वतःच जनुकांची छाननी करावी, यातील विसंगती अनेकांना बोचते. हा आक्षेप आदराने ऐकावा असाच आहे, पण जनुकशास्त्राच्या कसोटीवर तो येथे फारसा टिकत नाही. वाहकाचे लग्न अवाहकाशी झाले, की बिघडलेली प्रत निम्म्या मुलांकडे जाते. पुढच्या पिढीत वाहकांचे प्रमाण तेवढेच राहते. उलट पूर्वी प्रत्येक आजारी मुलासोबत दोन बिघडलेल्या प्रती नाहीशा होत, आता त्या टिकून राहतात. समाजाचा जनुकसाठा ‘शुद्ध’ करणे हे उद्दिष्ट असते, तर ही पद्धत सर्वस्वी चुकीची ठरली असती. तिचे उद्दिष्ट त्याहून खूप लहान आणि माणसाच्या जवळचे आहे. कोणत्याही आई-बापांवर हे दुःख येऊ नये, एवढेच.

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात मांडलेला प्रश्न येथे उलट्या बाजूने लागू होतो. जे मूल एका जोडीचे झाले असते, ते दुसऱ्या जोडीचे होऊ शकत नाही. स्थळ मोडले म्हणजे एका मुलाला निरोगी केले असे होत नाही. त्याच्या जागी दुसरीच मुले जन्मतात. मग हित कोणाचे झाले? नेहमीच्या व्याख्येत याचे उत्तर मिळत नाही, कारण हित मोजायला ते मूल अस्तित्वातच नाही. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या एड्रियन अ‍ॅश यांनी गर्भचाचण्यांवर घेतलेला आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. अशा निवडीतून, विशिष्ट अपंगत्व असलेली माणसे जगायला नको होती, असा संदेश जातो, असे त्यांचे म्हणणे. टे-सॅक्सच्या बाबतीत दोन्ही आक्षेपांची धार बोथट होते. त्या मुलांना घडण्याइतकेही आयुष्य मिळत नाही. आणि लग्नाआधीच्या तपासणीत कोणताही गर्भ नाकारला जात नाही. पण हे उत्तर या रोगाच्या निष्ठुरतेवर उभे आहे. रोग बदलला की ते लंगडे पडते.

गोशेर रोगाचे उदाहरण याच ठिकाणी निर्णायक आहे. तोही पेशीत मेद साठवणारा रोग, अश्केनाझींमध्ये पंधरा माणसांमागे सुमारे एक वाहक. पण त्याच्या सर्वसामान्य प्रकारातील कित्येक माणसे आयुष्यभर लक्षणांशिवाय राहतात, आणि १९९१ पासून त्यावर बाहेरून एन्झाइम देण्याचा उपचार उपलब्ध आहे. वाहकांचे एन्झाइम निरोगी माणसांच्या पातळीत मिसळून जात असल्याने, येथे एन्झाइमची चाचणी वाहक ओळखण्यास विश्वसनीयही नाही, जनुकच तपासावे लागते. दोर येशोरिमने जेव्हा आपल्या यादीत गोशेरचा विचार केला, तेव्हा तिच्यावर टीका झाली, आणि ती योग्य होती. जो माणूस कदाचित निरोगी ऐंशी वर्षे जगेल, त्याच्या आई-बापांचे लग्न होऊ नये असे सुचवणे टे-सॅक्सच्या तर्काने समर्थित होत नाही. फाइनस्टाइन यांच्या ‘सोपेपणा’च्या निकषाची उणीव येथे उघडी पडते. चाचणी सोपी आहे एवढे पुरत नाही. टाळायचे दुःख किती मोठे आहे, हेही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडायला हवे.

वाहकांची माहिती कोणाच्या हाती द्यायची, याची चुकीची उत्तरेही त्याच काळात मिळाली. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे सुचवले होते की सिकलसेलच्या वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडायच्या आधीच सावध होतील. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेल तपासणी सक्तीची केली. समजावणी अपुरी, गुप्ततेची हमी नाही, वाहक आणि रुग्ण यांतला फरकही अनेक अधिकाऱ्यांना कळलेला नव्हता. निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. टे-सॅक्स आणि सिकलसेल या दोन्हींच्या तपासण्या जवळपास एकाच काळी, एकाच देशात सुरू झाल्या. एक समाजाने स्वतः, आपल्या धर्मगुरूंसह उभी केली. दुसरी वरून लादली गेली. निकालांतील तफावतीचे मूळ मुख्यतः येथेच आहे.

भारतात २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तपासलेल्या माणसाला त्याच्या आनुवंशिक स्थितीची नोंद असलेले कार्ड दिले जाऊ लागले. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा रोग असल्याने त्याची चाचणी एन्झाइमची नाही, पण प्रश्न तोच आहे. येथे ज्ञान व्यक्तीच्या हातात, उघडपणे दिले जाते. दोन तरुणांनी आपापली कार्डे पाहून निर्णय घ्यावा, ही त्यामागची अपेक्षा. ही अपेक्षा माणसाला प्रौढ समजणारी आहे, म्हणून तिचे मोल मोठे. पण लग्नाच्या बैठकीत मुलीचेच कार्ड आधी मागितले जाईल, मुलाचे नाही, ही भीती महाराष्ट्रातील कोणत्याही समाजाला अनोळखी नाही. कार्डासोबत समुपदेशन आणि मुलाच्या तपासणीचा तितकाच आग्रह असेल, तरच ते ज्ञान न्यायाने वाटले जाते.

अश्केनाझींमध्ये आज टे-सॅक्सची तपासणी बहुतांशी जनुकावरून होते, कारण त्यांच्यातील बहुतेक वाहकांमध्ये मोजकेच ठरलेले बदल असतात. एन्झाइमची चाचणी मात्र कालबाह्य झालेली नाही. जोडीदारांपैकी एकाचे पूर्वज दुसऱ्या समाजातले असतील, तर ठरावीक बदलांची यादी अपुरी पडते. एन्झाइम मोजले, तर बदल कोणताही असला तरी त्याचा परिणाम दिसतो. मिश्र विवाह वाढत चालल्याने ही गरजही वाढते आहे. दुसरीकडे शेकडो रोगांची जनुके एकाच वेळी तपासणारे संच उपलब्ध झाले आहेत. त्यांत जवळजवळ प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या रोगाचा वाहक निघतो. कोणते रोग यादीत घ्यायचे, निकाल व्यक्तीला द्यायचा की जोडीला, आणि समाज आपसांतच लग्ने करणारा नसेल तर ही गुप्तता कोण सांभाळणार, यावर राब्बी, जनुकशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्यात मतभेद आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे एका गोष्टीवर एकमत आहे. बालपणीच निश्चितपणे जीव घेणाऱ्या, उपचार नसलेल्या रोगांसाठी लग्नाआधीची तपासणी धर्माज्ञेच्या विरुद्ध जात नाही.